दुधारी सेफ्टी रेझर

दुधारी सेफ्टी रेझर हे हातात धरून दाढी करण्याचे एक साधन आहे. दोन्ही लांब कडांना धार असलेले पातळ, सुटे पोलादी पाते त्यात बसवतात आणि धार बोथट झाली की ते टाकून नवे घालतात. पात्याच्या कडेलगत असलेल्या संरक्षक पट्टीमुळे धारेचा अगदी थोडा भाग त्वचेला भिडतो. त्यामुळे उघड्या वस्तऱ्याने होते तशी खोल जखम होण्याची भीती बरीच कमी होते. पाणी, साबणाचा फेस आणि ब्रश यांच्या साहाय्याने केल्या जाणाऱ्या ‘ओल्या’ दाढीत हे साधन वापरले जाते.

अमेरिकी उद्योजक किंग कँप जिलेट यांच्या प्रयत्नांतून विसाव्या शतकाच्या आरंभी या साधनाला आजचे रूप मिळाले. त्यापूर्वी गुळगुळीत दाढी करणे हे बहुतांशी न्हाव्याचे कसब मानले जाई. या साधनामुळे ते घरी, आरशासमोर, स्वतःच्या हाताने करण्याचे रोजचे काम बनले. मात्र नावातील ‘सेफ्टी’ म्हणजे सुरक्षितता मर्यादित अर्थाची आहे. पाते किती खोल जाईल यावर साधनाचे नियंत्रण असते. परंतु ते त्वचेवर कोणत्या कोनात टेकावे, त्यावर किती भार द्यावा आणि ते कोणत्या दिशेने फिरवावे, हे वापरणाऱ्याच्या हातालाच ठरवावे लागते. म्हणून हे साधन नुसते विकत घेऊन भागत नाही, त्याचा वापर शिकावा लागतो.

संज्ञा

दाढी करण्याच्या क्रियेला मराठीत ‘श्मश्रू’ व ‘क्षौर’ हे संस्कृत शब्द, तर ‘हजामत’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द आहे. ‘वस्तरा’ हा शब्दही फारसी ‘उस्तुरा’ या शब्दावरून आला आहे. सेफ्टी रेझर हे साधन इंग्रजी नावानिशीच आले आणि ‘रेझर’ व ‘ब्लेड’ हे शब्द बोलीत रुळले. ब्लेडला ‘पाते’ असेही म्हणतात. एका बाजूलाच धार असलेल्या पात्यापासून वेगळे ओळखता यावे म्हणून दोन्ही बाजूंनी धार असलेल्या पात्याला ‘दुधारी’ म्हटले जाते.

रचना

रेझर

सर्वांत साधा रेझर तीन भागांचा असतो : वरचे टोपण, त्याखालची तळपट्टी आणि दांडा. पाते टोपण आणि तळपट्टी यांच्यामध्ये ठेवून दांडा आट्यांवर फिरवून आवळला की तिन्ही भाग घट्ट बसतात. दोन भागांच्या रेझरमध्ये तळपट्टी दांड्याला जोडलेलीच असते. तिसऱ्या प्रकारात दांड्याच्या बुडाशी असलेली कळ फिरवली की टोपणाचे दोन भाग फुलपाखराच्या पंखांसारखे उघडतात. अशा रेझरमध्ये पाते बदलणे सोपे जाते, पण त्याचे सांधे स्वच्छ ठेवणे अवघड असते.

टोपणाची आतली बाजू किंचित वक्र असते आणि आवळताना पाते त्या वक्रावर वाकते. कागद एका टोकाला धरला तर तो लोंबतो, पण तोच थोडा पन्हळीसारखा वाकवला तर ताठ राहतो. त्याच तत्त्वाने वाकवलेल्या पात्याला ताठपणा येतो आणि केस कापताना त्याची धार थरथरत नाही.

तळपट्टीची कड दोन प्रकारची असते. सलग पट्टीमुळे त्वचा धारेपुढे ताणली जाते आणि फेस काही प्रमाणात पुसला जातो. फणीसारखे दाते असलेल्या कडेतून फेस व लांब वाढलेले खुंट सहज आत जातात. धार आणि पट्टी यांतील फट किती रुंद आहे व धार किती बाहेर डोकावते यांवर रेझर सौम्य की तीव्र हे ठरते. शिकणाऱ्यासाठी कमी फटीचा, सौम्य रेझर योग्य समजला जातो.

पाते

प्रमाणित दुधारी पाते सुमारे ४३ मिलिमीटर लांब, २२ मिलिमीटर रुंद आणि ०.१ मिलिमीटर जाड, म्हणजे साधारण कागदाइतके पातळ असते. आजची बहुतेक पाती सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेल्या स्टेनलेस पोलादाची असतात. पोलादाच्या लांब पट्टीत आधी खाचा पाडतात. मग ती तापवून झटकन थंड केली जाते, त्यामुळे पोलाद कठीण होते. त्यानंतर टप्प्याटप्प्याने धार लावली जाते. धारेवर क्रोमियम किंवा प्लॅटिनमसारख्या धातूंचा अतिसूक्ष्म थर आणि त्यावर घर्षण कमी करणारा टेफ्लॉनसारख्या बहुवारिकाचा थर देतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या पात्यांचा आकार सारखाच असल्याने कोणतेही पाते कोणत्याही रेझरमध्ये चालते.

केस आणि पाते

दाढीचा केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. कोरडा केस चिवट असतो. पाणी शोषल्यावर त्यातील प्रथिनांच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सैल होतात, केस फुगतो आणि तो कापण्यास लागणारा जोर बराच कमी होतो. यासाठी कोमट पाण्याशी दोन-तीन मिनिटांचा संपर्क पुरेसा असतो. ओल्या दाढीत पाण्याला जे महत्त्व आहे ते यामुळेच. फेसाचे काम दुहेरी असते : तो केसांभोवती पाणी धरून ठेवतो आणि पाते व त्वचा यांच्यात बुळबुळीत थर निर्माण करतो.

केसापेक्षा पोलाद सुमारे पन्नास पट कठीण असते, तरीही पाते काही दिवसांतच निकामी होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात या विषयावरील अभ्यास प्रसिद्ध केला. धार केवळ हळूहळू झिजून गोल होत नाही, तर काही विशिष्ट परिस्थितीत एकट्या केसामुळेही तिचे सूक्ष्म टवके उडतात, असे त्यांना आढळले. केस धारेशी कोणत्या कोनात येतो, तो पात्याच्या कोणत्या भागावर आदळतो आणि त्या ठिकाणी पोलादाची सूक्ष्मरचना किती एकसारखी आहे, यांवर टवका उडणे अवलंबून असते.

इतिहास

वस्तऱ्यापासून संरक्षक पट्टीपर्यंत

उघड्या वस्तऱ्याला दोन वेगवेगळी कौशल्ये लागत. एक म्हणजे तो निसण्यावर घासून आणि चामड्याच्या पट्ट्यावर परजून धार राखणे, आणि दुसरे म्हणजे ती धार इजा न करता चेहऱ्यावर फिरवणे. सेफ्टी रेझरचा इतिहास ही दोन्ही कौशल्ये एकेक करून माणसाच्या हातातून साधनाकडे जाण्याचा इतिहास आहे.

अठराव्या शतकात झां-झाक पेरे या फ्रेंच कारागिराने सुताराच्या रंध्याप्रमाणे वस्तऱ्याला लाकडी आवरण बसवण्याची कल्पना मांडली. आवरणातून धारेची केवळ कड बाहेर राही. १७६९ साली त्याने स्वतःची दाढी स्वतः करण्याच्या कलेवर एक पुस्तकही प्रसिद्ध केले. १८४७ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम हेन्सन याने कुदळीप्रमाणे दांडा पात्याशी काटकोनात असलेल्या रेझरचे पेटंट घेतले. आजच्या सर्व रेझरांची ठेवण हीच आहे.

अमेरिकेतील केम्फ बंधूंनी १८८० साली पेटंट घेतलेल्या रेझरमध्ये पाते सुटे होते, धारेपुढे संरक्षक कड होती आणि मागे फेस साठवणारा डबा होता. ‘सेफ्टी रेझर’ हे नाव या रेझरबरोबर प्रचारात आले. अमेरिकी लेखक व वैद्य ऑलिव्हर वेंडेल होम्स (वडील) यांनी १८८७ च्या आपल्या युरोप प्रवासवर्णनात ‘स्टार’ नावाच्या या रेझरची मनापासून शिफारस केली. तथापि त्याचे पाते जाड, घडीव पोलादाचे होते आणि ते वारंवार परजावे लागे. म्हणजे त्वचा कापण्याची भीती कमी झाली, पण धार राखण्याचे कसब वापरणाऱ्याकडेच राहिले.

जिलेट यांचे पाते

किंग कँप जिलेट (१८५५–१९३२) हे बाटल्यांची पत्र्याची झाकणे बनवणाऱ्या कंपनीत विक्रेते होते. एकदा वापरून टाकून दिली जाईल आणि ग्राहक पुन्हा पुन्हा घेईल अशी वस्तू शोधण्याचा सल्ला त्यांना या झाकणाचे संशोधक विल्यम पेंटर यांनी दिला होता. १८९५ साली बोथट वस्तऱ्याने दाढी करताना जिलेट यांना परजण्याची गरजच नसलेल्या, पातळ पत्र्याच्या स्वस्त पात्याची कल्पना सुचली. इतक्या पातळ पोलादाला कठीण करून धार लावणे शक्य नाही असे जाणकारांचे मत होते, आणि त्यात पुढची सहा वर्षे गेली. अखेर विल्यम निकरसन या अभियंत्याने त्यासाठी लागणारी यंत्रे व प्रक्रिया तयार केली. १९०१ साली कंपनी स्थापन झाली आणि १५ नोव्हेंबर १९०४ रोजी जिलेट यांना पेटंट मिळाले.

विक्रीच्या पहिल्या वर्षी, १९०३ मध्ये, केवळ ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. दुसऱ्या वर्षी खपलेल्या रेझरांची संख्या ९० हजारांवर गेली. रेझर स्वस्तात देऊन पात्यांवर नफा मिळवण्याच्या व्यापारनीतीचे जनकत्व जिलेट यांना दिले जाते. प्रत्यक्षात पेटंटचा काळ चालू असताना रेझरची किंमत पाच डॉलर, म्हणजे त्या काळी बरीच मोठी होती. १९२१ साली पेटंटची मुदत संपून स्पर्धक बाजारात आल्यावरच स्वस्त रेझर मोठ्या प्रमाणावर मिळू लागले.

पहिल्या महायुद्धात या साधनाचा झपाट्याने प्रसार झाला. खंदकांत न्हावी मिळणे व वस्तरा परजत बसणे दोन्ही कठीण होते, शिवाय दाढी वाढलेल्या चेहऱ्यावर विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा घट्ट बसत नाही. अमेरिकी सरकारने १९१८ मध्ये आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर आणि तीन कोटींहून अधिक पाती खरेदी केली. युद्धावरून परतलेले सैनिक स्वतः दाढी करण्याची सवय घेऊनच घरी आले.

स्टेनलेस पाती आणि कार्ट्रिज

सुरुवातीची पाती कार्बन पोलादाची असल्याने ओलाव्याने गंजत. १९६० च्या दशकाच्या आरंभी विल्किन्सन स्वोर्ड या ब्रिटिश कंपनीने स्टेनलेस पोलादाची पाती बाजारात आणली. ती कितीतरी जास्त टिकत, त्यामुळे इतर कंपन्यांनाही त्याच मार्गाने जावे लागले.

१९७१ साली जिलेट कंपनीने दोन पाती प्लॅस्टिकच्या कोशात कायमची बसवलेला कार्ट्रिज रेझर आणला. पुढे १९९८ मध्ये तीन आणि २००६ मध्ये पाच पात्यांची कार्ट्रिजे आली. कार्ट्रिजमध्ये पात्यांचा कोन कारखान्यातच ठरलेला असतो आणि पुढच्या रचनांमध्ये त्याचा माथा चेहऱ्याच्या चढउतारांप्रमाणे वळतो. दुधारी रेझरने वापरणाऱ्याकडे ठेवलेले कोनाचे कसबही अशा रीतीने साधनाकडे गेले. या सोयीमुळे पुढील काही दशकांत पाश्चात्त्य देशांत दुधारी रेझर मागे पडला.

भारतात

महाराष्ट्रातील गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. धोकटीत वस्तरा, कात्री, निसणा व आरसा घेऊन तो घरोघर जाई आणि वर्षभराच्या कामाबद्दल सुगीला धान्यरूपाने बलुते घेई. स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय शहरी सुशिक्षितांमध्ये वसाहतकाळात रुजू लागली. इंग्लंडला जाणारा माणूस निदान दाढी करण्याची कला तरी तेथे शिकतोच, असे निरीक्षण मोहनदास करमचंद गांधी यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. दक्षिण आफ्रिकेत केसही स्वतः कापण्याचा त्यांचा निर्णय त्याच स्वावलंबनाचा पुढचा टप्पा होता.

स्वातंत्र्योत्तर काळात भारतातच पाती तयार होऊ लागली. कोलकात्याच्या हरबन्सलाल मल्होत्रा अँड सन्स या उद्योगाची ‘टोपाझ’ आणि ठाण्याच्या विद्युत मेटॅलिक्स या कंपनीची ‘सुपरमॅक्स’ ही त्यांतील परिचित नावे होत. जिलेटशी संबंधित इंडियन शेव्हिंग प्रॉडक्ट्स ही कंपनी १९८४ मध्ये स्थापन झाली आणि तिने राजस्थानातील भिवाडी येथे उत्पादन सुरू केले. कार्ट्रिजचा प्रसार होऊनही स्वस्त दुधारी पात्याचा वापर भारतात टिकून राहिला. या ग्राहकांना डोळ्यांसमोर ठेवून २०१० मध्ये एकाच पात्याचे, अल्प किमतीचे ‘जिलेट गार्ड’ हे कार्ट्रिज खास भारतासाठी बाजारात आणण्यात आले. नळाच्या वाहत्या पाण्याऐवजी पेल्यातील थोड्या पाण्यात दाढी करण्याची भारतीय पद्धत लक्षात घेऊन, ते सहज धुतले जाईल अशी त्याची रचना केली होती.

केशकर्तनालयांत दुधारी पात्याचा वेगळाच उपयोग होतो. कागदी वेष्टनासह पाते लांबीच्या रेषेत मोडून त्याचे दोन भाग करतात आणि त्यांतील अर्धे पाते वस्तऱ्याच्या आकाराच्या मुठीत बसवतात. पुढच्या गिऱ्हाइकासाठी नवे अर्धे पाते घातले जाते. अशा प्रकारे जुन्या वस्तऱ्याचे हस्तकौशल्य टिकले आणि परजण्याचे काम मात्र संपले. घरांमध्ये आणि शिंप्यांकडे शिवण उसवण्यासाठी, तसेच पूर्वी शाळकरी मुलांत पेन्सिलीला टोक काढण्यासाठीही हे पाते सर्रास वापरले जाई.

वापराची पद्धत

पूर्वतयारी

स्नानानंतर लगेच किंवा चेहरा कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे ओला ठेवून दाढी केली जाते. ब्रश भिजवून, जास्तीचे पाणी झटकून साबणावर किंवा क्रीमवर फिरवतात आणि वाटीत किंवा थेट चेहऱ्यावर गोलाकार घासून फेस तयार करतात. चांगला फेस दाट व ओलसर असतो. त्यात मोठे बुडबुडे दिसले तर तो पातळ झाला आहे आणि तो लवकर सुकू लागला तर पाणी कमी पडले आहे असे समजतात. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या दुष्फेन पाण्यात साबणाचा फेस कमी होतो. अशा ठिकाणी साबण अधिक घ्यावा लागतो. ब्रश बॅजर या प्राण्याच्या केसांचे, डुकराच्या राठ केसांचे किंवा कृत्रिम तंतूंचे असतात.

केसांचा रोख

चेहऱ्यावरील सर्व केस एकाच दिशेने वाढत नाहीत. गालांवर ते बहुधा खाली वळलेले असतात, तर मानेवर आडवे, वर किंवा भोवऱ्यासारखे वाढू शकतात. एक-दोन दिवसांचे खुंट वाढू देऊन त्यांवरून बोटे फिरवली असता ज्या दिशेने हात गुळगुळीत सरकतो ती वाढीची दिशा, आणि जिकडे खरखर लागते ती उलट दिशा. ही पाहणी एकदा नीट केली की पुढे तिचा नेहमी उपयोग होतो.

कोन आणि दाब

पाते आणि त्वचा यांत सुमारे ३० अंशांचा कोन योग्य समजला जातो. तो मोजून ठेवता येत नाही, स्पर्शाने शोधावा लागतो. त्यासाठी प्रथम दांडा चेहऱ्याशी काटकोनात धरून केवळ टोपण गालावर टेकवतात. या स्थितीत धार त्वचेला लागत नाही. मग रेझर हलकेच खाली सरकवत दांडा हळूहळू खाली आणतात आणि पाते खुंट कापू लागले की तेथेच थांबतात. दांडा त्याहून फार खाली गेला तर धार त्वचा खरवडू लागते. खुंट कापले जाताना होणारा बारीक करकर आवाजही कोन बरोबर असल्याची खूण मानला जातो.

दाब जवळजवळ देऊच नये, हा या पद्धतीचा मुख्य नियम आहे. धातूच्या रेझरचे वजन बहुधा ६० ते १०० ग्रॅम असते आणि कापण्यासाठी तेवढा भार पुरतो. दांडा मुठीत आवळण्याऐवजी बोटांच्या टोकांनी धरल्यास दाब आपोआप कमी राहतो. मोकळ्या हाताने त्वचा हलकी ताणून दोन-तीन सेंटिमीटरचे छोटे हात मारतात आणि पाते वरचेवर पाण्यात खळबळतात.

फेऱ्या

पूर्ण चेहऱ्यावरून एकदा रेझर फिरवणे म्हणजे एक फेरी. पहिली फेरी केसांच्या रोखाने म्हणजे सुलट, दुसरी आडवी आणि तिसरी रोखाविरुद्ध म्हणजे उलट असते. प्रत्येक फेरीपूर्वी नव्याने फेस लावतात. एकाच फेरीत सर्व केस मुळापर्यंत कापण्याऐवजी ते टप्प्याटप्प्याने कमी करणे हे या पद्धतीचे सूत्र आहे. शिकणाऱ्याने पहिले काही आठवडे एक किंवा दोन फेऱ्यांवर थांबणे आणि उलट फेरी हात बसल्यानंतरच करणे इष्ट असते.

सुरुवात गालांच्या सपाट भागापासून करतात, नंतर जबडा व मान आणि शेवटी हनुवटी व ओठावरील भाग घेतात. शेवटच्या दोन भागांवरील केस दाट व जाड असल्याने त्यांना फेसात भिजण्यास त्यामुळे अधिक वेळ मिळतो. जबड्याच्या हाडावर कोन क्षणोक्षणी बदलतो, म्हणून तेथे हात आणखी आखूड ठेवावे लागतात. कंठमण्यावरील त्वचा एका बाजूला ओढून सपाट भागावर आणली जाते.

शेवट

दाढी झाल्यावर चेहरा थंड पाण्याने धुतात. तुरटीचा ओला खडा फिरवण्याची पद्धत भारतात जुनी आहे. तुरटी स्तंभक असल्याने त्वचा आकसते आणि बारीक ओरखड्यांतून येणारे रक्त थांबते. तुरटी जेथे अधिक झोंबते तेथे दाब किंवा कोन चुकला आहे, हेही शिकणाऱ्याला त्यावरून कळते. नंतर त्वचा टिपून कोरडी करतात व आवश्यकतेनुसार सौम्य मलम लावतात.

शिकताना होणाऱ्या चुका

कार्ट्रिजची सवय असलेल्या व्यक्तीकडून सर्वाधिक होणारी चूक म्हणजे रेझर दाबणे. कार्ट्रिजमध्ये दाब अनेक पात्यांवर आणि मऊ पट्टीवर विभागला जातो, तर दुधारी रेझरमध्ये तो एकाच धारेवर येतो. दुसरी चूक म्हणजे रेझर धारेच्या रेषेत, म्हणजे आडवा सरकणे. धार काटकोनात पुढे गेली तर केस कापते, पण सुरीप्रमाणे लांबीच्या दिशेने सरकली तर त्वचा कापते. बहुतेक लांब जखमा अशाच होतात. फेस पुसला गेलेल्या जागी कोरडेच पुन्हा पाते फिरवणे, बोथट पाते वापरत राहणे, घाई करणे आणि पहिल्याच दिवशी संपूर्ण गुळगुळीतपणाचा आग्रह धरणे, या इतर चुका होत. नाकपुडीखाली व कानाजवळ पात्याचे टोपणाबाहेर आलेले कोपरे लागण्याचा संभव असतो.

निगा आणि पाते बदलणे

एक पाते सामान्यतः तीन ते सात दाढ्यांना पुरते. केसांचा जाडपणा, पात्याचा दर्जा व पूर्वतयारी यांनुसार त्यात फरक पडतो. केस ओढले जाऊ लागले की पाते बदलण्याची वेळ झाली असे समजतात. पाते नेहमी धार नसलेल्या आखूड कडांनी धरतात. बसवल्यावर दोन्ही बाजूंनी धार सारखीच बाहेर आली आहे ना, हे पाहणे आवश्यक असते. वापरानंतर रेझर धुऊन, पाणी झटकून कोरडा ठेवतात. टॉवेलने धार पुसल्यास ती खराब होते आणि हातही कापू शकतो.

आरोग्य

दाढीनंतर त्वचा लाल होऊन आग होणे हे बहुधा अतिदाब किंवा अतिफेऱ्यांचे लक्षण असते. कुरळ्या केसांच्या व्यक्तींमध्ये कापलेला केस वळून पुन्हा त्वचेत शिरतो आणि तेथे फोडासारखी गाठ येते. या विकाराला ‘स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी’ असे वैद्यकीय नाव आहे. केस त्वचेच्या पातळीखाली कापले गेल्यास त्याची शक्यता वाढते. बहुपात्यांच्या कार्ट्रिजमध्ये पहिले पाते केस किंचित वर ओढते व पुढचे तो आत जाण्यापूर्वी कापते, त्यामुळे असे घडू शकते. अशा व्यक्तींनी त्वचा फार ताणू नये व उलट फेरी टाळावी, असा सल्ला दिला जातो. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांसाठी विजेवर चालणारे यंत्र अधिक सुरक्षित ठरते.

एकाचे पाते दुसऱ्याने वापरणे धोक्याचे असते. हेपॅटायटिस बी व सी यांचे विषाणू रक्तातून पसरतात. हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंशही संसर्गाला पुरतो. म्हणून घरातील व्यक्तींनीही रेझर वेगवेगळा ठेवणे आणि केशकर्तनालयात नवे पाते समोर उघडले जात आहे याची खात्री करून घेणे योग्य ठरते.

विल्हेवाट आणि खर्च

दुधारी पाते संपूर्ण पोलादाचे असल्याने त्याचा पुनर्वापर शक्य आहे. कार्ट्रिजमधील प्लॅस्टिक व धातू वेगळे करणे मात्र कठीण असते. पाते सुटे कचऱ्यात टाकल्यास कचरा वेचणारे व सफाई कामगार यांना इजा होते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यात बांधलेल्या अनेक घरांच्या स्नानगृहांत औषधांच्या कपाटाला फट ठेवलेली असे व वापरलेली पाती तिच्यातून भिंतीच्या पोकळीत टाकली जात. जुनी घरे पाडताना अशा पात्यांचे ढीग सापडतात. सध्या पत्र्याच्या बंद डब्याला बारीक फट पाडून त्यात पाती साठवणे आणि डबा भरल्यावर तो भंगारात देणे, हा सोपा व सुरक्षित उपाय मानला जातो. विमानप्रवासात सुटी पाती हातातील सामानातून नेता येत नाहीत.

रेझर एकदा घेतला की वर्षानुवर्षे टिकतो आणि पात्यांचा खर्च कार्ट्रिजच्या तुलनेत अत्यल्प असतो. पात्याच्या आकारावर कोणत्याही एका कंपनीची मक्तेदारी नसल्याने स्पर्धेमुळे किमती कमी राहतात.

सद्यस्थिती

एकविसाव्या शतकात महागड्या कार्ट्रिजना पर्याय म्हणून पाश्चात्त्य देशांत दुधारी रेझरकडे पुन्हा लक्ष वळले. जर्मनीतील मर्कुर व म्यूले आणि जपानमधील फेदर या कंपन्यांची उत्पादने त्यासाठी प्रसिद्ध आहेत. भारतात मात्र त्याचा वापर कधीच थांबला नव्हता. वस्तऱ्याला वर्षांची उमेदवारी लागे, कार्ट्रिजला जवळपास काहीच शिकावे लागत नाही. दुधारी रेझर या दोहोंच्या मध्ये आहे : काही आठवड्यांच्या सरावाने त्यावर हात बसतो, आणि तोपर्यंत दाढीला थोडा अधिक वेळ द्यावा लागतो.